दगडांचे दप्तर

मी मराठी शिकवतो. दगडांशी माझा संबंध एवढाच, की ते माझ्या डोक्यात भरलेले आहेत असे मत आमच्या घरात अधूनमधून व्यक्त होत असते. तेव्हा दिवाळी अंकासाठी मी भूशास्त्राच्या पुस्तकांवर लिहायला बसलो आहे हे कळल्यावर माझे सहकारी हसतील. त्यांनी खुशाल हसावे. गेल्या वर्षीचा उन्हाळा तसा गेला नसता तर मीही त्यांच्याबरोबर हसलो असतो.

आमचे कॉलेज एका जिल्ह्याच्या गावी आहे. तेथे एके काळी भूशास्त्राचा विभाग होता. पुढे मुले येईनाशी झाली आणि सात वर्षांपूर्वी विभाग बंद पडला. प्रयोगशाळेत संगणक आले, नमुन्यांच्या पेट्या जिन्याखाली गेल्या आणि विभागाची पुस्तके एका बैठ्या खोलीत कुलूपबंद झाली. गेल्या मार्चमध्ये त्या खोलीची गरज पडली. ग्रंथालय समितीपुढे विषय आला : ‘कालबाह्य ग्रंथांचे निर्लेखन.’

निर्लेखन हा शब्द मोठा गमतीचा आहे. लिहिलेले नाहीसे करणे असा भारदस्त अर्थ त्यात दडलेला आहे. कचेरीच्या मराठीत त्याचा अर्थ रद्दीवाल्याला बोलावणे एवढाच होतो. समितीत मी होतो. दहा वर्षांत एकाही विद्यार्थ्याने ही पुस्तके नेलेली नाहीत असे टिपण आमच्यापुढे होते, आणि ते खरेच होते. मीही सही केली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे ज्या धावपळीचे थोडेसे श्रेय लोक मला देतात तिचे मूळ माझ्याच सहीत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचे भूशास्त्राचे निवृत्त सर दारात उभे. वय पंचाहत्तरीच्या पुढे, अंगाने काटक, खांद्याला अजून शबनम. ते मला नावाने कधी हाक मारत नाहीत.

“काय मराठीवाले, ज्ञानेश्वरीची पोथी जुनी झाली म्हणून तुम्ही रद्दीत घालता का हो?”

मी म्हटले, “सर, ज्ञानेश्वरी आणि दगडांचे अहवाल यांत फरक आहे.”

“आहे ना. ज्ञानेश्वरीच्या प्रती घरोघर आहेत. माझ्या खोलीतल्या काही कागदांची जगात एकच प्रत आहे. उद्या सकाळी आठ वाजता या. चहा मी पाजतो.”

चहाच्या मोहाने म्हणा किंवा सहीच्या टोचणीने म्हणा, मी गेलो.

खोलीत धूळ, वाळवीचा वास आणि भिंतीला लागून सात लोखंडी कपाटे. सरांनी पहिले कपाट उघडले आणि एखाद्या घराण्याची वंशावळ सांगावी तशी सुरुवात केली. ईस्ट इंडिया कंपनीला आगबोटींसाठी आणि पुढे आगगाड्यांसाठी कोळसा हवा होता. तो शोधायला १८५१ साली थॉमस ओल्डहॅम नावाचा आयरिश भूवैज्ञानिक कलकत्त्यात उतरला, आणि तेथून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा संसार सुरू झाला. कोळसा शोधता शोधता या माणसाने एक मोठे शहाणपण केले. जे पाहिले ते छापून ठेवायची शिस्त लावली. १८५६पासून ‘मेमॉयर्स’ निघू लागली. एकेका प्रदेशाचा सविस्तर वृत्तांत, सोबत रंगीत नकाशे. १८६१पासून जीवाश्मांची ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’. तिच्यातली शिंपल्यांची चित्रे इतकी नाजूक, की आमच्या धाकटीला ती रांगोळीच्या पुस्तकातली वाटली. १८६८पासून ‘रेकॉर्ड्‌स’, म्हणजे छोटे लेख आणि वार्षिक हालहवाल. १८७९ साली मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांनी साऱ्या देशाच्या भूरचनेचा एक ग्रंथ सिद्ध केला. ब्लॅनफर्डने त्याआधी तापी आणि नर्मदेची खोरी पायी तुडवली होती. त्याचा वृत्तांत १८६९च्या खंडात आहे.

“आणि एवढ्या रानात वाट कशी सापडायची?” मी विचारले.

सरांनी एक जाडजूड खंड पुढे सरकवला. ला टूश नावाच्या अधिकाऱ्याने १९१७ साली छापलेली भारतीय भूशास्त्राची ग्रंथसूची. कोणी, कोठे, कशाविषयी काय लिहिले याची ही वही, आणि कोणते खनिज कोणत्या जिल्ह्यात कोणी नोंदले याची वेगळी सूची. मी पीएच.डी.च्या वेळी जुन्या मासिकांच्या सूचीसाठी किती वणवण केली होती ते मला आठवले. आमच्या वाङ्मयाच्या नशिबी असा ला टूश फार उशिरा आला, हे कबूल करायला हवे.

अशा सूचीचा आणि नकाशांचा उपयोग काय, असे वाचक विचारतील. मीही विचारले. त्यावर सरांनी नागपूरची गोष्ट सांगितली. ती नंतर मी पुस्तकांत ताडून पाहिली. १८८२ साली फॉन श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडावरचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलादाच्या कारखान्याचे स्वप्न त्यांच्या डोक्यात शिरले. खाणींचे नियम जाचक असल्यामुळे ते वीस वर्षे डोक्यातच राहिले. पुढे नियम सैल झाले. मग चिरंजीव दोराबजी आणि वेल्ड नावाचा अमेरिकन तज्ज्ञ चांद्याची राने धुंडाळू लागले. १९०३च्या सुमाराची ही गोष्ट. लोखंड होते, पण कारखाना चालेल इतके नव्हते. निराश होऊन दोराबजी हा बेत सोडल्याचे सरकारला सांगण्यासाठी नागपूरच्या सचिवालयात गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवायला ते समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात तेच हे. तेथे मध्यप्रांताचा भूशास्त्रीय नकाशा लावलेला होता, आणि त्यात दुर्ग जिल्ह्याच्या एका भागावर लोखंडाचा गडद रंग चढवलेला होता.

ज्या प्रदेशात ते गेले तो प्रमथनाथ बोस यांनी सर्वेक्षणाच्या नोकरीत असताना पाहून ठेवलेला होता आणि त्याविषयीचा त्यांचा लेख १८८७च्या ‘रेकॉर्ड्‌स’मध्ये छापून पडला होता. दोराबजी आणि वेल्ड धल्ली-राजहराच्या टेकडीवर चढले तेव्हा पायांखालचा दगड धातूसारखा वाजत होता म्हणतात. तिथे कोळसा जवळ नव्हता म्हणून कारखाना काही झाला नाही. पण बोस यांनीच १९०४मध्ये टाटांना पत्र लिहून मयूरभंजच्या डोंगरांकडे बोट दाखवले, १९०७ साली कंपनी उभी राहिली आणि जमशेदपूर वसले. आणि धल्ली-राजहरा? ते थांबून राहिले. १९५९ साली भिलाईची पहिली भट्टी पेटली ती त्याच टेकड्यांच्या लोखंडावर. सचिवालयातले साहेब त्या दिवशी जागेवर असते तर काय झाले असते कोण जाणे. सरकारी कचेऱ्यांत साहेब जागेवर नसल्याचा देशाला फायदा झाल्याचे हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे.

त्या सकाळी मी तेथे तीन तास होतो. मराठीच्या माणसाला खरी भुरळ पडली ती शब्दांची. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाला ते ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातला ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेत ‘ट्रापा’ म्हणजे जिना. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे झाले, म्हणून हे नाव. पुण्याहून मुंबईला जाताना गाडीच्या खिडकीतून पाहा, पायऱ्या मोजता येतील. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे थर आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. ‘गोंडवन’ हा शब्द मेडलिकॉटने १८७२ साली आपल्या गोंडांच्या मुलखावरून उचलला आणि तो पुढे एका अख्ख्या पुरातन खंडाचे नाव होऊन बसला. ‘चार्नोकाइट’ची कथा तर नाटकात घालावी अशी. कलकत्त्याचा संस्थापक म्हणून ज्याचे नाव घेतले जाई त्या जॉब चार्नोकच्या थडग्यावरची शिळा पाहून हॉलंड नावाच्या भूवैज्ञानिकाने त्या जातीच्या दगडालाच चार्नोकचे नाव दिले.

आमच्या मुंबईचाही तिथे मान आहे. वरळीच्या टेकडीच्या थरांत चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले आणि १८४७ साली ओवेनसारख्या विद्वानाने त्यांचे वर्णन केले. मुंबईतल्या कार्टर नावाच्या डॉक्टरने १८५७ साली पश्चिम हिंदुस्थानच्या भूशास्त्रावरचे लेख एकत्र करून छापले. नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या पाद्रीबुवांनी शाळा चालवता चालवता तिकडचे जीवाश्म गोळा केले. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ते ओढ्याच्या पुरात बुडाले. हे सारे वाचताना मला सारखे वाटत होते, की ही माणसे आपल्याच ओढ्याकाठून हिंडली आणि आपल्याला पत्ता नाही. विश्वकोशात भूविज्ञानाच्या चांगल्या नोंदी आहेत खऱ्या. पण विश्वकोशाचा पहिला खंड १९७६चा. त्याआधीची सव्वाशे वर्षे हे दप्तर इंग्रजीतच बांधलेले होते.

एका खंडापाशी सर बराच वेळ थांबले. थॉमस ओल्डहॅमने आयुष्यभर भारतातल्या भूकंपांच्या नोंदी टिपून ठेवल्या होत्या. १८७८ साली तो वारला. मुलगा रिचर्ड त्याच खात्यात होता. त्याने बापाची यादी १८८३ साली छापून काढली. पुढे १२ जून १८९७ला आसामात प्रचंड भूकंप झाला, त्याचा वृत्तांत रिचर्डने लिहिला. दूरदूरच्या यंत्रांवर उमटलेल्या लहरींचा अभ्यास करता करता १९०६ साली त्याने पृथ्वीच्या पोटात वेगळा गाभा असल्याचे दाखवून दिले. “बापाची वही पोराने रद्दीत घातली नाही, मराठीवाले,” सर म्हणाले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा सर कॉलेजात शिकत होते. दख्खनचे पठार अचल आहे असे तोवर सारे मानत. त्या पहाटेमुळेच आपण हा विषय घेतला, असे ते म्हणाले.

हे सगळे मनोरंजक होते. पण ही छापील पुस्तके कलकत्त्याच्या मुख्य ग्रंथालयात आहेत, इतरत्रही आहेत. आता तर सर्वेक्षणाचे नकाशे आणि अहवाल ‘भूकोश’ नावाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. मग एकच प्रत कशाची? तसे विचारल्यावर सरांनी सातवे कपाट उघडले. आत पुठ्ठ्याच्या बांधणीच्या, टंकलिखित, दोऱ्याने शिवलेल्या दीडएकशे वह्या होत्या. विद्यार्थ्यांचे क्षेत्र-अहवाल! १९७२च्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात सर नवे नवे अधिव्याख्याते होते. त्यांनी मुलांना गावे वाटून दिली होती. गावातली प्रत्येक विहीर मोजायची, पाणी किती हातांवर आहे ते लिहायचे, दगड कोणता लागला ते विचारायचे आणि नकाशा काढायचा. पुढे वीसएक वर्षे हा नेम चालला.

मी सहज आमच्या गावाचे नाव घेतले. सरांनी पाच मिनिटांत वही काढून दिली.

आता घरची गोष्ट सांगायला हवी. आमचे दादा गावी शेती करतात. त्या साली त्यांच्या दोन बोअर कोरड्या गेल्या होत्या; एक तीनशे फूट, दुसरी चारशे वीस. दोन्हींत मिळून दीड लाख मातीत गेले. पाणाड्याने तळहातावर नारळ उभा करून तिसरी जागा दाखवली होती, यंत्रवाल्याला विसार द्यायचा होता आणि त्यासाठी वहिनींच्या पाटल्या सोसायटीच्या तिजोरीत जायच्या होत्या. आदल्याच रविवारी वहिनी मला फोनवर म्हणाल्या होत्या, “भावजी, तुम्ही शिकलेले. तुम्ही तरी सांगा ह्यांना.” काय सांगणार? मी यमक सांगू शकलो असतो.

त्या वहीत आमची जुनी विहीर होती. आजोबांचे नाव होते, अशुद्ध लिहिलेले. आणि नकाशावर गावाच्या वरच्या अंगाला एक जाड काळी रेघ, पूर्व-पश्चिम. सरांनी तिच्यावरून बोट फिरवले. “ही भिंत आहे. जुन्या भेगेतून वर आलेला लाव्हा भेगेतच थिजला. हिचा पाषाण सलग असेल तर जमिनीतले पाणी हिच्यापाशी अडते. पोरांनी काय लिहिले आहे पाहा.” मे १९७३ : भिंतीच्या वरच्या बाजूच्या चार विहिरींना बारा ते पंधरा हातांवर पाणी, खालच्या बाजूच्या सहा विहिरी कोरड्या. दादांच्या दोन्ही बोअर खालच्या बाजूला होत्या. कारण काय, तर विजेचा खांब तिकडे होता.

मी त्याच संध्याकाळी गावी गेलो. दादांना नकाशा पटला असे मी म्हणणार नाही. ते म्हणाले, “पन्नास वर्षांपूर्वीच्या पोरांनी काढलेला कागद, त्यावर मी जुगार खेळू?” मी म्हटले, “दादा, नारळावर खेळलातच की.” ते रागावले. ती रात्र आम्ही न बोलता जेवलो. सकाळी मात्र ते मुकाट्याने वरच्या बांधाकडे चालू लागले, मी मागोमाग. बांधाजवळ गुडघाभर उंचीची काळवत्री दगडांची ओळ जमिनीतून डोके काढून पार ओढ्यापर्यंत गेलेली होती. लहानपणी आम्ही तिला राक्षसाचा बांध म्हणत असू. दादा तिच्यावर बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, “आबा सांगायचे, याच्यावरच्या अंगाला उंबर कधी सुकत नाही.”

यंत्रवाल्याला नकार गेला. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या लोकांकडून जागा पाहून घेतली. सरांचा तो आग्रह होता. जुना नकाशा दिशा दाखवतो, जागा नव्याने तपासावी लागते, असे ते बजावत होते. वरच्या अंगाला विहीर घेतली. मुरूम, मग मांजऱ्या, मग गेरूचा एक पट्टा, आणि एकतीस फुटांवर पाणी लागले. फार नाही. रब्बीला पुरते, मार्चनंतर जपून वापरावे लागते. पाटल्या वहिनींच्या हातात आहेत.

इकडे कॉलेजात मी गावाहून परत येईतो चार दिवस गेले होते. मी प्राचार्यांकडे अर्ज दिला, स्वतःच्या सहीविरुद्ध स्वतःच. समितीत थोडी थट्टा झाली, ती रास्तच होती. अखेर एक अट पडली : जागा तुम्ही द्या. तेव्हा सातपैकी पाच कपाटे आता मराठी विभागात आहेत, निम्मी भिंत त्यांनी अडवली आहे, आणि संतवाङ्मयाच्या तासाला मागच्या बाकावरची मुले शिंपल्यांची चित्रे पाहत बसतात. मी पाहून न पाहिल्यासारखे करतो.

पाचच का, तर त्या चार दिवसांत रद्दीवाल्याची पहिली खेप निघून गेली होती. आम्ही त्याच्या वखारीत गेलो. माणूस भला होता. सहा खंड त्याने त्याच भावाने परत दिले. नकाशांची एक गुंडाळी फटाक्यांच्या दुकानदाराने नेली होती, कापडी अस्तराचा कागद मजबूत असतो म्हणून. विद्यार्थ्यांच्या वह्यांपैकी चाळीसएक लगद्याच्या कारखान्याकडे रवाना झाल्या होत्या.

उरलेल्या वह्यांची छायाचित्रे आमची मुले आता भ्रमणध्वनीवर काढतात आणि सर शेजारी बसून गावांची यादी करतात. बातमी कशी पसरली ठाऊक नाही, पण शनिवारी दुपारी खेड्यांतून कोणी ना कोणी येते. टोपी काढून हातात धरतात, सरांना नमस्कार करतात आणि गावाचे नाव सांगतात. गेल्या शनिवारी एक बाई आली होती, बरोबर दहावीतला मुलगा. तिसरी बोअर घ्यायची होती. सरांनी यादीवर बोट फिरवले, मग परत एकदा वरून खाली फिरवले. तिचे गाव त्या चाळिसांत होते. सर तिला म्हणाले, “बाई, बसा. चहा घ्या. कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असते ते तुम्हीच सांगा, आपण नव्याने लिहून काढू.” मुलगा सांगू लागला, आणि लिहून घ्यायला सरांनी वही माझ्याकडे सरकवली.